परसातला घोळ उपटून फेकू नका

वळवाचे दोन पाऊस झाले की सातारा-सांगलीकडं दारात, कुंडीत, फरशीच्या फटीत काय काय उगवतं, कुर्डू, तांदुळजा, पाथरी, केना, आणि आपण खुरपं घेऊन सगळं तण म्हणून साफ करतो. कुर्डू-तांदुळज्याला अजून विचारणारी माणसं आहेत, पण मला खरं वाईट वाटतं ते घोळ ह्या रानभाजीचं. लाल देठ, जाड गुळगुळीत पानं, जमिनीलगत पसरणारा.

ह्याची कमाल बघा. आपल्या कृष्णाकाठचा ऊस, ज्वारी, मका ही सी-फोर पिकं, म्हणजे पानात कार्बन डायऑक्साइड गोळा करून एका जागी दाट करतात त्यामुळं कडक उन्हातबी जोमात वाढतात. आणि माण-आटपाडीच्या माळावरचं निवडुंग, घायपात ही कॅम पद्धतीची, दिवसा अंगावरची बारीक छिद्रं बंद ठेवायची म्हणजे पाणी उडत नाही आणि रात्री उघडून हवा घ्यायची. घोळ एकटा दोन्ही करतो! पाणी असलं की उसासारखा, ताण पडला की निवडुंगाचीबी पद्धत जोडीला घेतो. ह्या दोन्ही क्रिया त्याच्या पानात एकाच पेशींमध्ये एकमेकींत गुंतून चालतात हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं. हे तुम्हाला जिभेवरबी कळतं, कारण ताणावरचा घोळ रात्री घेतलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो, म्हणून सकाळी पान जास्त आंबट लागतं, आणि दिवसभरात ते आम्ल वापरलं गेलं की संध्याकाळी आंबटपणा उतरतो.

जवसात असतं तेच ओमेगा-थ्री, म्हणजे शरीराला लागणारं स्निग्धाम्ल, घोळाच्या पानातबी असतं, आणि पालेभाजीच्या मानानं भरपूर.

पण ऑक्झॅलेटबी, म्हणजे ज्याचे मुतखडे बनू शकतात ते द्रव्य, बरंच असतं, त्यामुळं मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. बाकीच्यांनी उकळून पाणी टाकून द्यावं आणि ताकात किंवा दह्यात करावा. ताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला पोटातच धरून ठेवतं मग ते रक्तात कमी जातं, म्हणजे ताकातल्या घोळाची आपली जुनी पद्धत रसायनशास्त्राच्या हिशेबानंबी एकदम बरोबर आहे.

ओळखताना एक गोष्ट नक्की करा, देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर तो घोळ नाही, नायटीसारखं दुसरं तण असेल, ते खायचं नाही. घोळाच्या देठातनं नुसतं पाण्यासारखं निघतं. आणि तासगावकडच्या द्राक्षबागेतला, तणनाशक मारलेल्या उसाच्या बांधावरचा किंवा हायवेच्या कडेचा तर अजिबात तोडू नका, भाजी कितीही कवळी दिसू दे. आपल्या परसातलाच घ्या. मुळासकट उपटायचं कारण नाही, शेंडे खुडले की खालनं परत फुटतो, आणि फुलायच्या आधी खुडला तर कवळाबी मिळतो.