कोरा चेहरा काही सांगतो का? अशाब्दिक संवादाच्या व्याख्येची पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विनने १८६७ मध्ये एक छापील प्रश्नावली देशोदेशी पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे विस्फारतात का, लाज वाटली की चेहरा लाल होतो का, असे प्रश्न. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन यांनीही त्यासाठी लोकांचे चेहरे न्याहाळले, पण खात्रीनं सांगण्यासारखं हाती फारसं लागेना. त्याचं कारण डार्विनच्या १८७२ च्या ग्रंथात नोंदलं आहे: युरोपीय माणसासमोर इथले लोक सगळ्याच भावना लपवत.

अशाब्दिक संवादाच्या व्याख्येचा सारा तिढा मला या नोंदीत दिसतो. साहेबासमोर चेहरा कोरा ठेवणं हा संवाद म्हणायचा की नाही?

डार्विनला भावमुद्रा मुळात उपजत आणि साऱ्या मानवजातीत सारख्या आहेत, हे दाखवायचं होतं. पुढे नाझी वंशवाद्यांनी हातवारेही वंशावर ठरतात असा दावा केला. मानववंशशास्त्राचा अभ्यासक डेव्हिड एफ्रॉनने १९४१ मध्ये तो खोडला. न्यूयॉर्कमधल्या ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांचे हातवारे अगदी वेगळे होते, पण अमेरिकी जीवनात मिसळलेल्या त्यांच्या वंशजांमध्ये तो फरक पुसट झाला होता. १९५२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसलने देहाच्या हालचालींचा भाषेसारखा अभ्यास मांडला; पुढे एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने माणसांमधल्या अंतराचा.

व्याख्येवरून खरी जुंपली ती नंतर. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, संवाद न करणं माणसाला शक्यच नाही. गप्प बसणंही काही सांगतंच. १९७२ मध्ये मॉर्टन वीनर आणि सहकाऱ्यांनी हरकत घेतली: बघणाऱ्यानं अर्थ काढला एवढ्यानं संवाद होत नाही, करणाऱ्यानं समाजाला ठाऊक असलेली खूण वापरायला हवी. संवादाच्या अभ्यासक ज्युडी बर्गून यांची कसोटी मला अधिक पटते. त्या समाजात जी कृती सहसा हेतुपूर्वक, नेहमी आणि सर्वांना कळेल अशा अर्थानं केली जाते, ती संवाद. नगरच्या लोकांचा कोरा चेहरा सवयीचा होता, आपसात त्याचा अर्थ कळत असणार. या कसोटीवर तो संवादच ठरतो.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतलं लाडकं वाक्य मात्र व्याख्येत आणू नये. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतला हा आकडा शब्द, आवाज आणि चेहरा यांचा मेळ नसताना आवड-नावड कशावरून ओळखली जाते, एवढ्यापुरताच आहे. हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे.