पदर कुठल्या खांद्यावर? ॲक्रिलिक फोटो ट्रान्सफरच्या दोन पद्धती

ओळखीच्या एका काकूंनी सासूबाईंचा जुना फोटो लाकडी फळीवर उतरवून मला दाखवायला आणला. रामकुंडावर काढलेला, नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ. उतरला होता स्वच्छ. पण पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत, आणि मागच्या दुकानाची पाटी आरशात पाहावी तशी. ‘व्हिडिओत तर सांगितलं होतं, फोटो उलटा करायची गरज नाही,’ काकू म्हणाल्या. सांगितलं ते बरोबरच होतं. पण तो व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीचा होता. हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच टाकते.

ॲक्रिलिक वापरून फोटो कागदावरून दुसऱ्या वस्तूवर उतरवायच्या दोन पद्धती आहेत, आणि दोन्हींना लोक सरसकट ‘ट्रान्सफर’ म्हणतात. तयारीही सारखीच, म्हणून ती थोडक्यात. साध्या कागदावरची लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर बसवलेली प्लास्टिकची भुकटी, ती पाण्याने हलत नाही. इंकजेटची शाई बहुतेकदा पसरते. स्टुडिओतला चकचकीत मूळ फोटो कृपा करून वापरू नका. त्याच्या कागदाला प्लास्टिकचा थर असतो, पाणी आत शिरत नाही, आणि घरातली एकुलती एक प्रत हातची जाते. ॲक्रिलिकऐवजी साधा पांढरा फेव्हिकॉलही नको, तो वाळल्यावरसुद्धा पाण्याने मऊ पडतो. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यात परत विरघळत नाही, आणि हे सगळं काम त्याच गुणावर चालतं.

पहिली, थेट पद्धत. तीत फळीवर ॲक्रिलिक जेल मिडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारं, बिनरंगाचं घट्ट ॲक्रिलिक) किंवा ॲक्रिलिक रंग लावायचा, तो ओला असतानाच प्रिंट पालथी घालायची, हवेचे बुडबुडे दाबून काढायचे आणि रात्रभर वाळू द्यायचं. नाशिकच्या पावसाळ्यात मी आणखी एक दिवस थांबते. मग कागद ओला करून बोटाने चोळत काढायचा. टोनर फळीवर राहतो.

दुसरीत प्रिंट उताणी ठेवून तिच्यावरच जेलचे चार-पाच पातळ कोट द्यायचे, प्रत्येक कोट वाळल्यावर पुढचा. मग पाण्यात भिजवून मागचा कागद चोळून काढला की दुधावरच्या सायीसारखा लवचीक पापुद्रा हातात येतो. ती साय मग हव्या त्या वस्तूवर चिकटवायची.

खरी मेख इथे आहे. शेवटी तुम्ही चित्राकडे कुठल्या बाजूने बघणार? थेट पद्धतीत चित्राचं तोंड फळीला चिकटतं आणि जिथे कागद होता त्या बाजूने आपण बघतो. म्हणजे पाठीमागून. म्हणून डावं-उजवं बदलतं, रबरी शिक्क्यासारखं. सायीत चोळलेली बाजू खाली जाते आणि आपण पारदर्शक जेलमधून चित्राच्या तोंडाकडेच बघतो. म्हणून ते सुलटंच राहतं. ‘थेट म्हणजे उलटं’ असं पाठ करू नका. कागद कुठल्या बाजूला होता ते आठवा.

कारण पाठांतर पांढऱ्या रंगाशी येऊन फसतं. जेलऐवजी पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाची साय केली, तर समोरून नुसता पांढरा पापुद्रा दिसतो. चित्र फक्त कागदाच्या बाजूने दिसणार, म्हणजे साय असूनही उलटं. पांढरा रंग थेट पद्धतीतच वापरावा. तिथे तो उपयोगीच पडतो, कारण टोनरमध्ये पांढरा रंग नसतो. काळाराम मंदिराचा फोटो जेलने फळीवर घेतलात तर काळा दगड सुरेख उठतो, आकाश मात्र लाकडाच्या रंगाचं होतं. मला ते आवडतं. माणसाच्या चेहऱ्याला मात्र मी खाली पांढरा देतेच.

थेट पद्धतीसाठी झेरॉक्सवाल्याला ‘उलटी प्रिंट द्या’ म्हणू नका, तो कागद डोक्यावर उभा करून देतो. ‘मिरर करा, डावं उजवीकडे,’ असं सांगा. फोटोच्या कडेबाहेर ‘नाशिक’ असा छोटा शब्द टाकून घ्या. हातातल्या प्रिंटवर तो उलटा दिसला तरच फळीवर सरळ येईल. गणपतीच्या फोटोला तर हे तपासाच. घरात पुजतात तो सहसा डाव्या सोंडेचा. मिरर न करता थेट उतरवलात तर तो उजव्या सोंडेचा होतो, आणि त्याचं सोवळंओवळं कडक मानणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

माठ, बरणी अशा गोल वस्तूंना मी सायच वापरते, ती वळणावर बसते. फक्त सायी एकमेकींवर ठेवू नका, उन्हाळ्यात कायमच्या चिकटतात. सपाट लाकडाला थेटच. सायीची कड फळीवर प्लास्टिकसारखी दिसते आणि मला ती सहन होत नाही.

काकूंची फळी आम्ही घासली नाही. नवी घेतली, प्रिंट मिरर करून आणली. चोळून वाळल्यावर वर पांढुरकी झाक आली, ती कागदाच्या उरलेल्या तंतूंची असते. पुन्हा ओलं करून हलक्या बोटाने दोनदा काढली आणि वर जेलचा एक पातळ हात दिला. सासूबाईंचा पदर आता डाव्या खांद्यावर आहे.