लॉक होणाऱ्या संगणकावर स्लाइड शो: सूट मागणारे अर्ज परत का येतात?

सरकारी कार्यालयाच्या प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर सेवांची यादी, शुल्क, मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्यांची माहिती फिरत राहावी, ही मागणी रास्तच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार ही माहिती सूचनाफलकावर लावावीच लागते. पण स्लाइड शोचा संगणक थोड्या वेळाने आपोआप लॉक होतो आणि बाकावर बसलेल्या लोकांसमोर नुसता पासवर्डचा चौकोन उरतो. मग 'ऑटो लॉक काढून मिळणेबाबत' असा अर्ज संगणक कक्षाकडे जातो आणि शेरा घेऊन परत येतो.

खोट त्या विषयातच आहे. रोजच्या कामाच्या, ई-ऑफिस (सरकारी फायलींची ऑनलाइन प्रणाली) उघडलेल्या संगणकाचं लॉक कुणी काढून देणार नाही आणि देऊही नये. एका कार्यालयात स्लाइड शो थांबवून त्याच संगणकावर एक्सेल उघडलेलं मी पाहिलं आहे. लाभार्थ्यांची यादी बँक खाते क्रमांकांसह टीव्हीवर झळकत होती आणि एक आजी उठून जवळ जाऊन आपलं नाव शोधत होत्या. म्हणून अर्जात स्वतंत्र संगणक आणि मर्यादित खातं मागा. मेल नाही, ई-ऑफिस नाही, सामायिक फोल्डर नाही, आणि कीबोर्ड लोकांच्या हाताला लागणार नाही, हे स्पष्ट लिहा.

कार्यालयप्रमुखांची सही, संगणकाचं नाव, मंजूर स्लाइडची प्रत, जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव हे सहज जमतं. अर्जाचा नमुना प्रत्येक कार्यालयाचा वेगळा असतो.

अडतं ते जडसंग्रह नोंदवहीतल्या, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतल्या क्रमांकाशी. स्लाइड शोसाठी बहुतेक वेळा कोपऱ्यातला जुना संगणक काढला जातो आणि टीव्ही कुणीतरी भेट दिलेला असतो. दोन्हींची नोंद कुठेच सापडत नाही. नोंद नसलेल्या यंत्राला सूट द्यायची कशी, हा संगणक कक्षाचा प्रश्न खरा आहे. पण 'नोंद करून या' एवढंच सांगून माणसाला भांडार शाखेच्या दारात सोडून देणं बरोबर नाही. तुम्ही मात्र आधी नोंद करून घ्या, मगच अर्ज लिहा.

दुसरी चूक आकड्याची. विंडोजच्या धोरणात (संगणक कक्षाने लावलेल्या नियमांत) निष्क्रियतेची मर्यादा, म्हणजे किती वेळ वापर नसला की संगणक लॉक होतो ती, सेकंदांत असते. तिथला 900 हा आकडा मिनिटं समजून 'पंधरा तास चालेल, अर्जाची गरज नाही' म्हणणारे भेटले आहेत. ती फक्त 15 मिनिटं आहेत. कालावधीच्या रकान्यात 'कायमस्वरूपी'ही लिहू नका. सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या.

खरं तर अनेकांना लॉकमधून सूट मागण्याची गरजच नसते. स्लाइड शो एमपी4 व्हिडिओ म्हणून साठवा आणि टीव्हीलाच पेनड्राइव्ह लावून तो पुन्हा पुन्हा चालू द्या. पेनड्राइव्हला तेवढी परवानगी घ्या. दुसरा मार्ग लॉक स्क्रीनचाच: स्लाइड जेपीईजी चित्रं म्हणून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सेटिंग्जमधल्या पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन इथे स्लाइड शो निवडा. संगणक लॉक राहतो आणि चित्रं फिरतात. ॲनिमेशन तेवढं जातं. हा पर्यायच दिसत नसेल किंवा निवडता येत नसेल, तर तो धोरणाने बंद केलेला असू शकतो. तेव्हा अर्ज तेवढाच पर्याय खुला करण्यासाठी करा. तो लवकर मंजूर होतो.

सूट मिळाल्यावर पॉवरपॉइंटमध्ये किऑस्क पद्धत (स्लाइड शो आपोआप पुन्हा पुन्हा चालणारी) निवडली, तर प्रत्येक स्लाइडला वेळ लावायला विसरू नका, नाहीतर पहिलीच स्लाइड दिवसभर दिसत राहील. आणि मंजुरीला उशीर झाला म्हणून मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवू नका, माऊस आपोआप हलवणारं यंत्रही लावू नका. चौकशी झाली तर ती तुमच्यावरच येते. जबाबदार कर्मचाऱ्याची बदली झाली की नवं नाव त्याच आठवड्यात लेखी कळवा.