जीवनदायी, जनआरोग्य, आयुष्मान : फरक कुठून आला?

राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. बाकीच्या जिल्ह्यांना ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना झालं, तरी इथे बरेच जण अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. हिशेब सरळ होता: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख.

ईएसआय, म्हणजे पगारी कामगारांची कर्मचारी राज्य विमा योजना, यापेक्षा कितीतरी जुनी, १९४८ च्या कायद्याची. तिथे पगारातून कपात होते, म्हणून साध्या तापाचं औषधही मिळतं. जनआरोग्यमध्ये ठरलेल्या यादीतलेच उपचार, तेही बहुतेक दाखल झाल्यावर. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला पगारपत्रक नाही, त्यामुळे तिचा आधार रेशनकार्डच.

खरा गुंता २३ सप्टेंबर २०१८ नंतरचा. केंद्राची आयुष्मान भारत योजना पाच लाखांची, पण तिला रेशनकार्ड चालत नव्हतं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत कुटुंबाचं नाव हवं. शहरासाठी कामांचे अकरा गट ठरले होते. त्यात घरबसल्या काम करणारे, शिंपी, मोलकरणी, फेरीवाले होते. म्हणजे बिडी कामगार कागदावर बसत होत्या. पण २०११ च्या त्या गणनेत दारात आलेल्या माणसाने रकान्यात काय लिहिलं, यावर सगळं ठरलं. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या गेल्या, तरी दोन पातळ्या राहिल्याच. एकाच चाळीत, एकाच केशरी कार्डावर, एका घराला पाच लाख आणि शेजारच्याला दीड. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर आधार आणि रेशनकार्ड ठेवल्यावर, संगणकात नाव निघतं की नाही तेवढ्यावर हा फरक ठरायचा. नऊ वर्षं जुन्या गणनेवर उपचाराची रक्कम ठरवणं गरिबावर अन्यायच होता.

सर्वांना पाच लाख, पांढरं कार्डही पात्र, हा निर्णय २०२३ मध्ये झाला. अंमल १ जुलै २०२४ पासून. उपचारांची संख्या १,३५६ झाली. पांढऱ्या कार्डावरून वाद झाला, पण दीड आणि पाचातली दरी या निर्णयानेच बुजवली, हे त्या वादात मागे पडलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मानचं वेगळं कार्ड आलं. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पाहिलं जातं.