केसाहून बारीक कठडा

युद्धनौकेच्या डेकभोवतीचा कठडा साधारण मीटरभर उंच असतो. १:७०० स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या सातशेव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलवर तो दीड मिलिमीटरही भरत नाही. त्यातली सेंटिमीटरभर जाडीची तार ०.०१४ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या चौथ्या हिश्श्याहूनही बारीक होते. आजही ती सहसा कोणी मापात बनवत नाही. पण तिच्या किती जवळ जाता येतं, हे प्रत्येक काळात हाताशी असलेल्या साहित्यावर ठरत आलं.

सुरुवातीला ही अडचण नव्हती, कारण मॉडेलं मोठी होती. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी बनलेली लाकडी मॉडेलं बहुधा १:४८ची असत. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो फूटपट्टीतून आला: जहाजाचा एक फूट म्हणजे मॉडेलचा पाव इंच. जहाजाच्या तळाकडच्या भागावर फळ्या न लावता आतला सांगाडा उघडा ठेवत. कोरीवकामावर मात्र हात सैल सोडलेला दिसतो.

खरी गंमत नेपोलियनच्या युद्धांत झाली. ब्रिटनमध्ये कैदेत पडलेले फ्रेंच खलाशी आणि सैनिक रोजच्या जेवणातल्या मांसाची हाडं उकळून, घासून जहाजं बनवू लागले. १७९७ साली सुरू झालेली नॉर्मन क्रॉसची छावणी या कामासाठी नावाजली. दोरखंडासाठी रेशीम, घोड्याचे केस, प्रसंगी माणसाचेही. काही मॉडेलांत तर दोरी ओढली की सगळ्या तोफा एकदम आत सरकत. मापाचं विचाराल तर ही जहाजं बेभरवशाची. कैद्यांकडे नकाशे कुठून असणार? डोलकाठ्या उगाच उंच आणि नाव खपेल ते. तरी बारकाव्याचा हव्यास म्हणजे काय, ते या हाडांच्या जहाजांत दिसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजबांधणी कंपन्या ग्राहकांना दाखवायला मॉडेलं करू लागल्या. त्यांचे नांगर, कप्प्या, कठडे पितळेचे, वर सोन्याचांदीचा मुलामा. सुंदर खरी, पण मला ती दागिन्यांसारखी वाटतात. असं चकाकणारं जहाज समुद्रावर कोणी पाहिलं असेल?

मग मॉडेलं लहान होत गेली. १:१२०० म्हणजे शंभर फुटांना एक इंच. दुसऱ्या महायुद्धात टेहळणी करणाऱ्यांना आणि वैमानिकांना जहाजं ओळखायला शिकवताना याच मापाची मॉडेलं वापरली जात. मीटरभरावरून पाहिलं की सव्वा किलोमीटरवरचं जहाज पाहिल्यासारखं. तिथे कठड्याचं काम नव्हतं, बाह्याकृती ओळखू आली की पुरे.

१९५३ साली रेव्हेल या अमेरिकी कंपनीने ‘मिसूरी’ या युद्धनौकेचं प्लॅस्टिक किट आणलं आणि जहाज घराघरांतल्या टेबलावर आलं. त्याचं माप अंदाजे १:५३५. हे असलं अडनिडं माप का, तर जहाज खोक्यात मावावं म्हणून. १९७१ साली तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० माप धरलं आणि जपानी नौदलाची जहाजं आपापसांत वाटून घेतली. यातली मॉडेलं पाण्याच्या रेषेवर कापलेली, खालचा भाग नाहीच.

पण प्लॅस्टिकची एक खोड आहे. ते पोलादी साच्यात दाबून भरतात आणि साच्याचे भाग सरळ वेगळे व्हावे लागतात. फार पातळ भाग नीट भरत नाहीत, आतल्या पोकळ्या निघत नाहीत. म्हणून शिड्या भरीव ठोकळ्यांच्या झाल्या आणि कठडे बहुतेक किटांतून गळालेच.

ते परत आणले इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातल्या युक्तीने. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारा लेप द्यायचा, वर नक्षीची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकायचा, कच्चा राहिलेला लेप धुवायचा आणि उघडा पडलेला पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणाने खाऊ द्यायचा. उरते ती जाळी. १९८०च्या दशकात असे फोटोएच संच जहाजांसाठी मिळू लागले आणि रडारच्या अँटेना, क्रेन, शिड्या सगळं आरपार दिसायला लागलं. मात्र पत्रा तो पत्राच: गोल नळी त्यात चपटी पट्टी होते. शिवाय ०.१ मिलिमीटरची पट्टी १:७०० ला प्रत्यक्षातल्या सात सेंटिमीटरची, म्हणजे कठड्याच्या जागी मनगटाएवढे जाड गज! (मी अशा वेळी कठडा डेकच्याच रंगाने रंगवतो, नजरेला तो बारीक भासतो.)

चपटेपणाचं उत्तर अलीकडे थ्रीडी प्रिंटिंगने दिलं. द्रवरूप रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याची मूळ कल्पना १९८०च्या दशकातलीच, पण घरी परवडणारी यंत्रं यायला बराच काळ गेला. थर ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. विमानवेधी तोफा, दोरांची रिळं, बोटी आता सर्व बाजूंनी गोल येतात. कठडे मात्र नाजूक होऊन मोडतात, म्हणून तिथे अजून बहुधा पितळच चालतं.

आणि तारांसाठी? १:७०० ला माणसाचा केससुद्धा तीन ते सात सेंटिमीटर जाड दोरासारखा दिसतो. म्हणून पुष्कळ जण किटमधले भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिची उरलेली प्लॅस्टिक काडी मेणबत्तीच्या आचेवर मऊ करतात आणि दोन्ही टोकं धरून झटक्यात ओढतात. जितक्या वेगाने ओढाल तितका धागा बारीक, केसाहूनही.