डीएनएस 'पसरायला' ४८ तास लागतात? नाही हो!

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. त्यातला ए रेकॉर्ड, म्हणजे नाव कुठल्या आयपीवर जातं ती नोंद, बदलला की जो तो एकच सांगतो, थांबा, २४ ते ४८ तासात जगभर पसरेल. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि ते चुकीचं आहे, कारण डीएनएसमधे कोणी काही पसरवतच नाही. तुमच्या झोनचा (तुमच्या डोमेनच्या सगळ्या नोंदींचा) ऑथोरिटेटिव्ह, म्हणजे अधिकृत उत्तर देणारा सर्व्हर झोन लोड झाला की लगेच नवीन उत्तर देतो, फक्त ज्या रिझॉल्व्हरनी (वापरणाऱ्यांच्या वतीने उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरनी) जुनं उत्तर आधीच कॅश करून, म्हणजे साठवून ठेवलंय ते टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) संपेपर्यंत तेच देत राहतात. टीटीएल ३६०० असेल तर साधारण तासभर, ८६४०० असेल तर दिवसभर, आणि हा आकडा तुमच्याच झोनमधे लिहिलेला असतो!

म्हणून सर्व्हर हलवायच्या आधी टीटीएल ३०० करा, जुना टीटीएल पूर्ण संपू द्या, मगच आयपी बदला. दोन्ही एकदम बदलून काही उपयोग नाही, आणि बरेच जण नेमकं तेच करतात.

मग ४८ तास आले कुठून? डॉट कॉमच्या सर्व्हरवर डेलिगेशनच्या एनएस रेकॉर्डचा (तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे ऑथोरिटेटिव्ह सर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. त्यामुळे नेमसर्व्हरच बदलत असाल तर जुने तेवढे दिवस चालू ठेवाच, पण एमएक्स (ईमेलची नोंद), टीएक्सटी (मजकुराची नोंद) यांना तो आकडा लावू नका.

अजून एक, नवीन सबडोमेन बनवायच्या आधीच उघडून बघू नका, 'असं नावच नाही' हे उत्तरपण कॅश होतं, किती वेळ ते झोनच्या एसओए रेकॉर्डवर (झोनची मुख्य माहिती देणाऱ्या नोंदीवर) ठरतं. शंका आली तर डिग (dig, डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या) कमांडने थेट ऑथोरिटेटिव्ह सर्व्हरलाच विचारा, सेकंडरीवर (मुख्य सर्व्हरवरून झोनची प्रत घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) अजून जुनाच आयपी दिसला तर आधी झोन फाइलमधला सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) वाढवलाय का ते बघा.