अग्निशमन नकाशे व मार्गनिर्देशन (अंकीय)

आगीची वर्दी आल्यापासून ती विझेपर्यंत घटनास्थळ, तेथे जाण्याची वाट, पाण्याची सोय आणि आत शिरलेल्या जवानांचा ठावठिकाणा पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणाली. नियंत्रण कक्षातील नकाशा, बंबात चालकाशेजारी बसवलेला पडदा आणि वनरक्षकाच्या हातातला मोबाइल ही त्यांची नेहमीची रूपे होत.

पूर्वपीठिका : या नकाशांचे मूळ लष्करी सर्वेक्षणात शोधण्याची रीत आहे. ते आगविम्याच्या नकाशांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण लष्करी नकाशाला जमिनीचे चढउतार हवे असतात, तर आग विझवणाऱ्याला भिंत कशाची आहे हे आधी कळावे लागते. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराचा १७९० मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा लंडनच्या फीनिक्स या आगविमा कंपनीच्या उपयोगासाठी काढलेला होता. त्याच दशकात (१७९२–९९) रिचर्ड हॉरवुड यांनी लंडनचा घरन्‌घर दाखवणारा नकाशा छापला. त्यालाही फीनिक्सचा हातभार होता, म्हणून काही जण त्यालाच पहिला आगविमा नकाशा मानतात. परंतु बांधकाम विटांचे की लाकडाचे हे तो सांगत नाही, तेव्हा हा मान त्याला देणे जरा ओढाताणीचे होते. बांधकामाचा प्रकार रंगांनी दाखवण्याची पद्धत १८५० च्या दशकात विल्यम पेरिस यांच्या न्यूयॉर्कच्या नकाशांत चांगली रुळलेली दिसते.

डी. ए. सॅनबॉर्न यांनी १८६७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने अमेरिकेतील सुमारे १२,००० गावे व शहरे अशा नकाशांत आणली. प्रमाण बहुधा एका इंचास ५० फूट असे. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, करडा म्हणजे धातू. एखादी इमारत पडली किंवा नवी उभी राहिली, की तेवढ्याच आकाराचा दुरुस्तीचा कागद जुन्या पानावर खळीने डकवत. काही पाने अशा थरांनी पुठ्ठ्यासारखी जाड झाली आहेत. नकाशा काढणे एकवेळ सोपे, तो ताजा ठेवणे अवघड, ही आजच्या प्रणालींचीही मुख्य अडचण आहे.

संगणकीकरण : अमेरिकी जनगणना विभागाने १९७० च्या जनगणनेच्या सुमारास रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या घरक्रमांकांची जोड दिली. त्यामुळे पत्ता सांगताच नकाशावरचा बिंदू काढणे यंत्राला शक्य झाले. मोटारीतील नकाशायंत्र १९८५ च्या सुमारास आले. ते उपग्रहाविना, चाकांचे फेरे व होकायंत्र यांवर चाले. जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली अचूकता घटवणारी त्रुटी २ मे २००० पासून बंद झाली आणि बंबाचे स्थान काही मीटरांपर्यंत खात्रीने कळू लागले.

इमारतीच्या आत : येथे उपग्रहाचा संकेत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील वूस्टर येथे एका ओस पडलेल्या, जवळपास खिडक्याच नसलेल्या शीतगृहाच्या आगीत सहा जवान दगावले. दोघे आत वाट चुकले आणि त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. या घटनेनंतर त्याच शहरातील तंत्रशिक्षण संस्थेत जवानाचे स्थान बाहेरून ओळखण्याच्या संशोधनाला वेग आला.

बुटात बसवलेला त्वरणमापक (वेगातील बदल मोजणारे यंत्र) हा एक मार्ग. त्याची चूक वेळेबरोबर झपाट्याने साचत जाते. म्हणून प्रत्येक पावलागणिक, टाच जमिनीवर टेकून क्षणभर स्थिर होते तेव्हा, वेग शून्य धरून हिशेब सुधारतात. युक्ती नामी आहे, पण धुरात जवान चालत नाही, रांगतो. मग पाऊल कोणते आणि टेकले कधी, याचाच गोंधळ होतो.

मजला ओळखण्यासाठी वायुभारमापक वापरतात. एक मीटर वर गेल्यास हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने घटतो, म्हणजे तीन मीटरांच्या मजल्यामागे साधारण ३६ पास्कल. उंच इमारतींच्या जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्यांनी दाब सुमारे ५० पास्कलने वाढवलेला असतो. एवढ्या फरकाने जवान आहे त्यापेक्षा एक मजला खाली दिसू शकतो. म्हणूनच पाण्याचा होज हाताला लागला की त्याच्या आधाराने बाहेर येणे ही जुनी रीत अजून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे.

वणवे : टेहळणी मनोऱ्यावरील ऑस्बोर्न या दिशामापक यंत्राने दोन ठिकाणांहून दिशा घ्यायच्या आणि रेषा छेदतील तेथे आग मानायची, ही विसाव्या शतकाच्या प्रारंभीची पद्धत. आता डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे इशारे देते. महाराष्ट्रातील वनकर्मचाऱ्यांनाही ते परिक्षेत्र व नियतक्षेत्राच्या उल्लेखासह मोबाइलवर मिळतात. व्हीर्स या उपग्रहावरील संवेदकाला एका ठिपक्यात दिसणारा जमिनीचा चौकोन ३७५ मीटरांचा, मोडिस या दुसऱ्या संवेदकाचा सुमारे एक किलोमीटरचा. इशाऱ्यातील बिंदू हा त्या चौकोनाचा मध्य असतो, आगीचा नव्हे. ठिणगी नाल्यापलीकडेही असू शकते. व्हीर्सवाहक उपग्रह दुपारी व रात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. त्यामुळे दुपारी चारला पेटून जाळरेषेवर (आग अडवण्यासाठी आधीच जाळून साफ केलेल्या पट्ट्यावर) लवकर विझलेली आग त्यांच्या नोंदीत बहुधा येतच नाही.

अक्षांश-रेखांश तोंडी सांगताना आणखी एक घोटाळा होतो. ‘एकोणीस, तीस’ म्हणजे १९ अंश ३० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणून १९.५०°) की १९.३०°? दोहोंत सुमारे २२ किलोमीटरांचे अंतर पडते.

शहरी पत्ते : भारतात वर्दी देणारा घरक्रमांकापेक्षा ‘मारुतीच्या देवळामागे’ असे सांगतो आणि स्थानिक चालकाला ते पुरतेही. टपाल खात्याने २०२५ मध्ये सुरू केलेला डिजिपिन हा सुमारे ४ × ४ मीटरांच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेतांक देतो. मात्र त्यात मजल्याचा उल्लेख नसतो.